टोपलीतले तात्या

फुशारकी मारत नाही, पण शहाण्णव साली घोलवडमध्ये विंडोजशी हुबेहूब जुळणारा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस एकच होता. मी!

आधीचा माझा प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत चालायचा. मग आमच्या चिकू सोसायटीत नवा कंप्युटर आला आणि तो चालवणाऱ्या नूतनने नाक मुरडलं. "अनिकेतदादा, सगळा कंप्युटर सुटाबुटात आणि तुमचा प्रोग्रॅम तेवढा लुंगीवर."

मला ते लागलं. मी हट्टाला पेटलो. तोच करडा रंग, तशीच उठावदार बटणं, वर निळी पट्टी, कोपऱ्यात फुली. बटणाची कड जुळेना म्हणून एकदा भरल्या ताटावरून उठलो. प्रत्येक बागायतदाराच्या मालाची फाईलसुद्धा पडद्यावर विंडोजच्या चित्रांच्या रांगेत मांडली. आता माझं कुठलं आणि विंडोजचं कुठलं, सांगून दाखवा!

एवढा खटाटोप तात्यांसाठी. तात्या म्हणजे माझे वडील. चिकू न दाबता तो कधी पिकणार ते सांगणारा हा माणूस माझ्या कामाला 'ती टकटक' म्हणायचा. एकदा तरी चार लोकांत त्यांनी मला शाबास म्हणावं, असं फार वाटायचं.

सभेच्या दिवशी सगळे बागायतदार कंप्युटरभोवती जमले. तात्या पुढच्या खुर्चीत. मी ऐटीत म्हटलं, "नूतन, आधी तात्यांचा माल दाखव."

पडद्यावर सगळ्यांच्या फाईली होत्या. तात्यांची नव्हती.

"अगं, सकाळी तर होती."

"सकाळीच तात्यांची एक करंडी डागी निघाली ना," नूतन शांतपणे म्हणाली, "म्हणून टोपलीत टाकली."

आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये डागी चिकू टोपलीत टाकतात. विंडोजच्या पडद्यावर कचऱ्याच्या टोपलीचं चित्र होतंच. सगळं इतकं एकसारखं दिसत होतं की बाईसाहेबांना ती मीच ठेवलेली डागी मालाची टोपली वाटली!

"माझा माल कचऱ्यात?" तात्या उभे राहिले. शेजारच्या वेवजी गावचे बागायतदार जतीनभाई मान खाली घालून हसू दाबत होते.

मी माऊसवर झडप घातली. "नूतन, टोपली रिकामी केलीस?"

"छे, ती संध्याकाळी ओततात. अजून वेळ आहे."

मी टोपली उघडली. आत तात्या एकटेच पडले होते. माऊसने उचलून त्यांना जागेवर आणलं, फाईल उघडली. सगळा माल जिथल्या तिथे.

टाळ्या पडल्या. जतीनभाई "सरस छे" म्हणाले. तात्यांचे डोळे चमकले आणि माझी छाती शर्टात मावेना. तात्या लोकांकडे वळले.

"बघा, याला म्हणतात काम. कंपनी परदेशातली, पण घोलवडच्या चिकूचाही विचार केलाय. टाकलेला माल परत देतात."

"तात्या, हे मी केलंय."

तात्यांनी निळ्या पट्टीपासून फुलीपर्यंत पडदा नीट न्याहाळला. "काहीतरीच काय. हे कंप्युटरबरोबर आलंय. सगळं एकाच हातचं दिसतंय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा तो काळा पडदा दाखव ना यांना. पिवळ्या अक्षरांचा. माझ्या पोराने केलाय म्हणून मी अख्ख्या घोलवडला सांगत फिरतोय."

काय दाखवणार? तो मी आदल्याच दिवशी टोपलीत टाकला होता. आणि टोपली ओतलीही होती.