नवव्या मजल्यावरची शिकार

व्हिवियन अंकलच्या हॉलमध्ये एकूण ऐवज असा: दुर्बिणी दोन, झाडीच्या रंगाच्या पँटी चार (तिनांची लेबलं शाबूत), डोंगरी बूट एक जोड, मोठी पाठपिशवी एक. व्यायामाचं साधन शून्य!

शारजातल्या अल मजाज भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी एका खोलीत भाड्याने राहतो. शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. केलंय, म्हणून सल्ला मला विचारला गेला. अंकलना किर्गिझस्तानच्या डोंगरांत रानबोकडाच्या शिकारीला जायचं होतं. परवाना आणि बंदूक तिथला गाइड देणार होता. गटात जागा एकच उरलेली. पण गाइडची अट होती: वीस किलो पाठीवर घेऊन वीस मजले न थांबता चढा, मला व्हिडिओ कॉलवर दाखवा. थांबलात की जागा दुसऱ्याची!

"नागेश बेटा, हंटिंग इज नाइन्टी पर्सेंट माइंडसेट!"

"आणि उरलेले दहा टक्के?"

"बूट!"

माइंडसेट सोफ्यावर घडत होता. कधी अंकल बाल्कनीतल्या कबुतरासाठी दबा धरून बसत. श्वास जुन्या एसीसारखा घरघरे. कबुतर उडतसुद्धा नसे, त्याला बहुधा दया येत असावी.

"माझ्यावर सोडा," मी छाती ठोकली. "बोकड तुमच्याकडे बघून लाजेल!"

आणि मी करून दाखवलं! रोज जिना, रोज थोडं जास्त वजन. शेवटी अंकल वीस मजले न थांबता चढले. वर पोचल्यावर त्यांचा रंग बीटासारखा झाला होता, पण चढले! विज्ञान म्हणतात ते हेच.

एकच गोष्ट विज्ञानाच्या कक्षेबाहेर होती. पामेला आंटी. शिकारीचं कळलं असतं तर त्यांनी पासपोर्ट फ्रीजरमध्ये टाकला असता. म्हणून अंकलनी घरी सांगितलं, "वसईला चाललोय, मम्मीच्या घराचं छप्पर बघायला." खोटं बोलायलाही माइंडसेट लागतो म्हणे!

परीक्षेच्या संध्याकाळी अंकल पिशवी पाठीला लावून तळमजल्यावरून निघाले. मागे मी फोन धरून. फोनमध्ये गाइड.

"यल्ला, चलो!" अंकल गरजले.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडून जोसेफिन आंटी उभ्या. "व्हिवियन, हा दुधाच्या पावडरचा डबा. वसईत पापडी गावात माझ्या बहिणीला दे हं!" आणि मागून पिशवीत टाकलाही!

"थांबू नका!" मी ओरडलो.

"व्हॉट इज शी डुइंग?" गाइडने विचारलं.

"एक्स्ट्रा लोड! ॲडव्हान्स ट्रेनिंग!"

"व्हेरी स्ट्राँग मॅन!"

सहाव्या मजल्यावर समिधा. हातात मिक्सर. "काका, विरारला ताईकडे. वाटेतच आहे ना!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी धावता धावता विचारलं.

"पामेला आंटींनी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलंय. व्हिवियन बॅग घेऊन जिन्याने वर येतोय, वसईला काही द्यायचं असेल तर दारात उभे राहा!"

इथे गावी जाणाऱ्या माणसाची पिशवी म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. नाही म्हणायचं तर कुठे चाललो ते सांगावं लागतं, आणि ते पामेला आंटींपर्यंत लिफ्टच्या आधी पोचतं! अंकल मुकाट चढत राहिले. शॅम्पू, बाम, मुलांचे बूट, एक इस्त्री. गाइड टाळ्या वाजवत होता.

नवव्या मजल्यावर व्हिन्सेंट अंकल जिन्यातच खुर्ची टाकून बसलेले. बिल्डिंगमधले सर्वांत वडील. मांडीवर उघडं खोकं.

"व्हिवियन, नंतर टेप लावू. आधी एकेक वस्तू बघून घे. दुसऱ्याचं सामान न बघता नेऊ नये."

"अंकल, चालता चालता दाखवा!" मी.

"तू गप रे! माणसाला श्वास तरी घेऊ दे. चहा घेतोस का, व्हिवियन?"

व्हिवियन अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मग वरच्या अकरा मजल्यांकडे. मग चहाकडे.

"साखर कमी," ते म्हणाले आणि पायरीवर बसले.

"ही स्टॉप्ड," फोनमधून आवाज आला. "सॉरी." आणि पडदा काळा झाला!

"खलास," व्हिवियन अंकल चहावर फुंकर मारत म्हणाले. "जाऊ दे. त्या गाइडचा माइंडसेटच नव्हता."

माझं सगळं प्रशिक्षण पायरीवर बसून बिस्किट बुडवत होतं! वर आलेल्या पामेला आंटी कौतुकाने म्हणाल्या, "बघ व्हिवियन, सगळ्यांचं सामान घेतलंस. आता वसईचं तिकीट बदलायचं नाही हं!"

शुक्रवारी अंकल खरोखरच वसईला निघाले.

शारजा विमानतळाच्या काट्यावर पाठपिशवी भरली अडतीस किलो चारशे ग्रॅम. त्यात माझ्या आईसाठीचा खजूर, दोन किलो.