माणूसघाणं ड्रोन

मिहिरचं ड्रोन जगातल्या कुठल्याही गोंगाटात तग धरणार होतं. त्यातला रेडिओ आपला आपण लहरींची मोकळी वाट शोधायचा. एका वाटेवर गर्दी झाली की दुसरी धरायचा. हे एकदा सिद्ध झालं की मिहिरला जोडीला माणूस मिळणार, असा ऑफिसातल्या हेमचंद्र सरांनी शब्द दिला होता. त्या माणसासाठी मिहिरने प्लास्टिकची दुसरी खुर्चीसुद्धा घेऊन ठेवली होती.

संभाजीनगरात ड्रोन उडवायला जागा उरली नव्हती. मोकळा प्लॉट दिसला की सकाळपर्यंत त्यावर इमारत. म्हणून चाचणी पिशोरजवळच्या आटलेल्या तलावात. तिथे इतकी शांतता की रेडिओला वाट बदलायला कारणच मिळेना. महिनाभर तो एकाच वाटेवर आणि मिहिर एकाच खुर्चीवर.

"गोंगाट पायजे व्हय?" मेंढरं घेऊन आलेल्या मंजुळाबाई त्याचं गाऱ्हाणं ऐकून म्हणाल्या. "माणसांचा?"

"मोबाइलचा, मावशी. खूप जणांनी एकदम हॉटस्पॉट चालू केले तर..."

"मग असं तोंड पाडून कशाला बसता? टँकरची वाट बघत अख्खं गाव बसलंय तिकडं. हाळी देते."

गाव आलं. घागरी, कॅन, मोबाइल. कुणी तंबाखू पुढे केली, कुणी लग्नाचं विचारलं, दुसऱ्या खुर्चीत एक आजोबा बसले. मिहिर उगाचच सगळ्यांना पाणी विचारत सुटला. दुष्काळात.

मग हॉटस्पॉट चालू झाले. रेडिओने वाट बदलली. पुन्हा बदलली. सगळ्याच वाटा भरल्या तर मुकाट निघून जायचं आणि मग पूर्ण शांत जागीच उतरायचं, हे मिहिरनेच त्याला शिकवलेलं. ड्रोन टेकडीकडे निघालं.

"रुसलं जनू," आजोबा म्हणाले.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि गाव घागरींसकट पळालं. ड्रोन परत फिरलं, पण जवळ येईना. लांबच घुटमळत राहिलं.

"मावशी, तुमच्याकडे मोबाइल आहे?"

"नाय बा. तुमच्या खिशात काय हाय?"

मिहिरच्याच फोनचा हॉटस्पॉट चालू होता. त्यावर लॅपटॉप, लॅपटॉपवर सगळी चाचणी. बंद करायची सोय नव्हती.

"मग तुमीच व्हा की लांब," मंजुळाबाई म्हणाल्या.

लॅपटॉप कवटाळून मिहिर बाभळींपल्याड गेला. ड्रोन अलगद मेंढरांच्या मधोमध उतरलं. मेंढरांकडे मोबाइल नव्हते.

लगेच हेमचंद्र सरांचा फोन. ते ऑफिसातून सगळं बघत होते.

"कमाल केलीस! स्वतःच जागा शोधली, स्वतःच उतरलं. तू तर जवळपासही नव्हतास."

"हो सर. मग तो जोडीचा माणूस..."

"अरे, आता कशाला? खरं तर तूच तिथे जास्तीचा आहेस."

"पास झालं का?" मंजुळाबाईंनी लांबून विचारलं.

"ते झालं," मिहिर म्हणाला.