लिंबाजीमामांचं गवत

"कसं काय मामा, बरं आहे ना?" असं विचारलं की लिंबाजीमामा स्वतःचं काही सांगत नसत. "घोट्याला हाय," म्हणत. म्हणजे माळावरचं गवत घोट्याएवढं झालंय. पाऊस झाला असेल तर "गुडघ्याला". ताणला असेल तर करंगळीचं पेर दाखवून चालू लागत. एकदा तापाने फणफणून दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांनाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं.

मामा मेंढपाळ. अंबाजोगाईच्या आसपासच्या माळांवर त्यांचा कळप चरायचा. गावात एसटीडी बूथ आणि केबलच्या तारा येत होत्या, तेव्हा मी एका खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. एका बाजाराच्या दिवशी मामा काठी दाराशी टेकवून आत आले.

"ताई, ह्यो डबा समदं ध्यानात ठिवतो म्हनं. माज्या डोक्यात लई दाटी झालीया."

तेव्हापासून दर बाजाराला यायचे. हातपाय धुऊन पडद्यासमोर बसायचे आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने सांगायचे, कुठल्या माळावर किती गवत, कुठल्या तळ्यात किती पायऱ्या पाणी. "मामा, त्याला ऐकू येत नाही, मला सांगा," मी म्हणायची.

"तुमालाच सांगतो. पर त्यानं बी ऐकावं."

मी रकाने भरत गेले. क्लासची पोरं मेंढ्यांच्या वासाने नाकं दाबायची. असं तीन वर्षं चाललं.

चौथ्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस गायब झाला. मी चारही वर्षं शेजारी शेजारी मांडली आणि मामांना वाचून दाखवली. गवत निम्म्याहून कमी होतं, तळी संक्रांतीपर्यंतही पुरणार नव्हती. पुढच्या बाजाराला दहा-बारा मेंढपाळ घेऊन आले.

त्यातले बाबू म्हणाले, "लिंबा, अजून दसरा न्हाई झाला. डबा म्हनतो म्हनून घर सोडायचं व्हय रं?"

"डबा कशाला म्हनंल? मी सांगितलेलंच त्यो परत सांगतोय. मी इसरलो असतो, त्यो न्हाई इसरला."

कुरकुरत का होईना, सगळे दसऱ्याआधीच गोदाकाठाला निघाले. एरवी संक्रांतीनंतर जायचे. लवकर पोचल्यामुळे खतासाठी शेतात मेंढ्या बसवायला जागा मिळाल्या, बाभळीच्या शेंगा गोळा करून ठेवता आल्या. मागून आलेल्यांना उभं राहायलाही बांध उरला नव्हता. त्यांचे कळप अर्धे झाले. मामांच्या सोबतचा एकही कळप मोडला नाही.

पावसाळ्यात मामा क्लासवर आले, ते कडक इस्त्रीचा फेटा बांधून. म्हणाले, "परत आलेल्या कळपांची यादी काढा. भिंतीला लावा. पोरं नाक दाबत्यात, त्यांनी वाचावी."

मी टाइप करत गेले. एव्हाना सगळे मेंढपाळ माझ्या ओळखीचे झाले होते. शेवटचं नाव मात्र नवं होतं. "सोपान, अकरा मेंढ्या."

"हे कोण मामा?"

"धाकटा भाऊ. अकरा वर्सामागल्या दुष्काळात त्याचा समदा कळप मेला. कुनाला न सांगता गेला, कुठं हाय ठावं न्हाई." मामा पडद्याकडे बघत राहिले. "दरसाल येक कोकरू त्याच्या नावानं राखतो. कवा आला तर हात रिकामं नसावं त्याचं."

प्रिंटर करकरत यादी काढू लागला. मामांनी कागद दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "ताई, सोपान कुठं लिवलंय, तेवढं दावा."