पेढा नाकारल्याबाबत

सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता संघपालच्या टेबलावर पुढील ऐवज होता : पेढे नऊ, बर्फीच्या वड्या चार, बालुशाही अर्धी (उरलेली अर्धी शेषेरावांच्या तोंडात) आणि मुंग्या एकवीस. मुंग्या त्याने दोनदा मोजल्या. दुसऱ्यांदा बावीस भरल्या. संघपाल रसायनशास्त्राचा बी.एस्सी. असल्यामुळे सरासरी काढावी असं त्याच्या मनात आलं. पण अर्ध्या मुंगीचं काय करायचं हे न सुचल्याने त्याने तो नाद सोडला.

रेणापूरच्या दाखले वितरण कार्यालयात हे नेहमीचंच होतं. माणूस आधी अर्ज देई, मग तीन आठवडे चकरा मारी, आणि दाखला हातात पडला की रस्ता ओलांडून पावशेर पेढे आणी. याला कुणी लाच म्हणत नसे. कामाआधी दिली ती लाच, कामानंतर दिला तो आनंद, अशी शास्त्रशुद्ध विभागणी होती. लाच नाकारायची सोय नियमात होती. आनंद नाकारायची नव्हती.

संघपालला ती करून घ्यावी लागली. शनिवारी लातूरच्या डॉक्टरांनी त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगितली होती : ६.२.

"कुंपणावर बसलाय तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "गोड बंद करा, अलीकडं उतराल. तीन महिन्यांनी परत बघू. साडेसहाच्या वर गेली तर गोळी. आणि ती जन्माची."

जन्माची गोळी कशी असते हे त्याने घरातच पाहिलं होतं. त्याची आई महामायाबाई गोळीवरून सुईवर आली होती. उजव्या डोळ्याची नजर गेली होती. डाव्याने ती पोराचा डबा उघडून बघायची.

"मी खाल्लं ते अडाणी म्हणून खाल्लं," ती म्हणाली. "तू शिकून नको खाऊ, बाबा."

त्या सोमवारी व्यंकटी आला. पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता. तो मिळाला होता, तोही मुदतीत, त्यामुळे तो जरा घाबरलेलाच होता. त्याने खोका उघडून समोर धरला.

"घ्या साहेब. तोंड गोड करा."

"नको काका. डॉक्टरनं गोड बंद केलंय."

व्यंकटीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमचं? तुमच्या अंगावर तर मूठभर मांस न्हाई."

"साखर रक्तात असती, काका."

"एकच घ्या."

"न्हाई."

व्यंकटीचा चेहरा उतरला. त्याने शेषेरावांकडे पाहिलं. शेषेराव हे कार्यालयातले सगळ्यात जुने कारकून. त्यांनी डोळे मिटून सावकाश मान हलवली. बालुशाही उत्तम आहे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. व्यंकटी मात्र विचारात पडून निघून गेला.

मंगळवारी तो काजूकतली घेऊन आला. बुधवारी सुकामेवा. गुरुवारी त्याने इकडंतिकडं बघून टेबलावर पाकीट ठेवलं.

"पेढ्यावर भागत न्हाई तर आदी सांगायचं ना साहेब. आमी काय परके हाव का?"

"काका, तुमचं काम झालंय! दाखला तुमच्या खिशात हाय!"

"त्येच म्हणून राहिलो. झालेलं काम माघारी घेताल म्हणून भ्याव वाटून राहिलं."

संघपालने पाकीट परत केलं. तेवढीच चूक झाली.

पेढा न घेणाऱ्याला पैसा पाहिजे, हे तालुक्याला आधीच कळलं होतं. आता पैसाही न घेणाऱ्याला काय पाहिजे, यावर बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर चर्चा झाली. जमीन, असं ठरलं. शुक्रवारी एका अनोळखी गृहस्थाने त्याला गाठून, प्लॉट लातूर रोडला बरा की पिंपळफाट्याला, असं अदबीने विचारलं. आठवडाभरात अर्ज घटले. लोक म्हणू लागले, शेषेराव गरिबाचा माणूस, त्यो नवा लई महागाचा.

"अरे, एक पेढा खायचा आणि प्रामाणिक राहायचं," शेषेराव समजावत म्हणाले. "मी एकतीस वर्षं प्रामाणिक हाय." आणि त्यांनी आपल्या प्रामाणिकपणावरून हात फिरवला. तो शर्टाच्या दोन गुंड्यांमधून बाहेर डोकावत होता.

मग निनावी तक्रार गेली आणि चौकशी अधिकारी आले. बसलिंगप्पा साहेब मूळचे देगलूरकडचे, नांदेडला शिकलेले, आणि बोलण्याआधी चष्मा पुसणारे.

"तुम्ही नागरिकांचा आनंद स्वीकारत नाही, असं अर्जात म्हटलंय."

"सर, मला साखरेचा धोका आहे." संघपालने रिपोर्ट पुढे केला.

साहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला. "हा तर तुमच्याविरुद्धचा पुरावा झाला. तीन वर्षं दाखले देताय आणि साखर सहा पूर्णांक दोन दशांश? मग लोकांचा आनंद गेला कुठं? शेषेराव, तुमची किती?"

"साडेदहा, सर," शेषेराव उभे राहून म्हणाले.

"बघा. याला म्हणतात लोकाभिमुख."

"पण सर, डोळे जातात त्याने. माझ्या आईचा…"

"आईंना माझा नमस्कार सांगा. पण डोळे जाणं ही वैद्यकीय बाब आहे. विश्वास जाणं ही प्रशासकीय."

आदेश पंधरा दिवसांत निघाला. सर्व कर्मचाऱ्यांची दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी व्हावी. साडेसहाच्या खाली आढळल्यास खुलासा मागवावा. आठच्या वर गेल्यास 'पारदर्शक' असा शेरा मारावा. पेढा देणाऱ्यासमक्ष खावा. रुमालात काढून ठेवल्यास शिस्तभंग समजण्यात येईल. श्री. संघपाल यांना नोकरीत कायम करण्याचा निर्णय पुढील तपासणीपर्यंत राखून ठेवण्यात येत आहे.

आईची सुई त्याच पगारातून येत होती. संघपालने रात्री वहीत बेरीज मांडायला घेतली आणि पेन ठेवून दिलं. दोन्ही बाजूंना आईच होती.

दुसऱ्या दिवशी व्यंकटीला निरोप गेला. तो बायकोला आणि नर्सिंगवाल्या पोरीला घेऊन आला. शेषेराव साक्षीला बसले. संघपालने पेढा उचलला, तोंडात घातला, चावला आणि गिळला. रिकामं तोंड उघडून दाखवलं.

"आता कसं!" व्यंकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणलं नव्हतं का मी, माणूस चांगला हाय म्हणून? अजून एक घ्या."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. अर्ज वाढले. ज्यांनी प्लॉट बघून ठेवले होते त्यांनीही पेढे आणले, आणि मधल्या काळात मनात आणलेल्या गोष्टींबद्दल माफी म्हणून वर गुलाबजाम. संघपाल दुपारची भाकरी सोडू लागला, स्टँडवरून चालत येऊ लागला, चहा बिनसाखरेचा पिऊ लागला. संध्याकाळी आई त्याचा हात नाकाशी नेई.

"खव्याचा वास येऊन राहिला."

"सरकारी काम होतं, आई."

ती हात सोडून देई.

या प्रकरणात कुणी लाच मागितली नाही आणि कुणी घेतली नाही. संघपालचं नाव आज तालुक्यात सोन्यासारखा माणूस म्हणूनच निघतं. ज्या वाचकांना त्याची दया आली असेल, त्यांनी एवढंच आठवून बघावं : आपला मागचा दाखला हातात पडला तेव्हा टेबलापलीकडचा माणूस "नको" म्हणाला होता का, आणि म्हणाला असल्यास, आपण "एकच घ्या" कितीदा म्हणालो.

तीन महिन्यांनी लातूरला संघपालचं रक्त तपासलं. सरासरी साखर : ८.१.