बायकोच्या जेट स्कीचा एक्झॉस्ट

बायको बाथरूममध्ये ओला सूट पिळत होती आणि पिळता पिळता म्हणाली, "सुरुवातीला उचल कमी पडते हो." एवढंच. मी दारात टॉवेल घेऊन उभा होतो. शहाण्या नवऱ्याने "हं" म्हटलं असतं आणि टॉवेल दिला असता. मी टॉवेल दिला, पण त्याच क्षणी मनाशी ठरवलं की ही उचल आपण वाढवून द्यायची, आणि तिला न सांगता द्यायची.

आमच्या घरात जेट स्की आहे, ती बायकोची. उभ्याने चालवायची, बसायला जागाच नाही. ती पोहायला शिकवते, त्यामुळे पाण्याशी तिचं सख्य. मी एका ऑफिसात आवक-जावक टेबलावर आहे आणि पाण्याशी माझा संबंध गुडघ्यापर्यंत. तोही शर्यतीच्या दिवशी. कारण सुरुवातीला प्रत्येक जेट स्कीचं शेपूट मागून एकाने धरून ठेवायचं असतं. झेंडा पडला की सोडायचं. आमचं शेपूट माझ्याकडे.

त्या वर्षी ती तीन शर्यतींत चौथी आली होती. शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिघींत आली, तर मोठ्या स्पर्धेसाठी निवड होणार होती. पुढच्या वर्षी तिचा वयोगट बदलणार आणि त्या गटाला अशी निवड नसते. म्हणजे जे काय व्हायचं ते याच शर्यतीत.

मी आठवडाभर ऑफिसात बसून वाचलं. (ऑफिसात वाचनाला फार निवांतपणा मिळतो.) एक्झॉस्टचा पाइप थोडा लांब केला आणि त्यात सोडायचं थंड पाणी वाढवलं की इंजिनाला कमी वेगात जोर येतो, असं कळलं. त्याच पानावर खाली वेगाबद्दलही काहीतरी होतं, पण तेवढ्यात साहेब आले.

ती क्लासला गेलेली बघून मी मिस्त्रींना घरी बोलावलं. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून त्याचं दुसरं टोक ते कानाला लावतात, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"इंजिन ठणठणीत आहे. करायचंय काय?"

"खालून जोर हवाय."

"मग वरचा वेग जाईल. बाईंना विचारलंत?"

"सरप्राइज आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे, पेशंटच्या नातेवाइकाकडे बघतात तसं बघितलं. पाइपमध्ये चार सेंटीमीटरचा तुकडा बसवला, पाण्याचा स्क्रू अर्धी फेरी उघडला आणि बजावलं, "आता याला हात लावू नका." ते गेल्यावर मी आणखी एक फेरी उघडली. (मी भाजीत मीठही असंच घालतो.)

शर्यतीच्या सकाळी नऊ जणी रांगेत होत्या. मी शेपूट धरून पाण्यात. बायकोने मागे वळून विचारलं, "आज आवाज वेगळा येतोय का?"

"हवा वेगळी आहे," मी म्हणालो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

झेंडा पडला. बायकोने थ्रॉटल दाबला. डॉक्टरांचा तुकडा आणि माझी फेरी यांनी मिळून असा जोर लावला की माझे पाय तळातून सुटले आणि मी तोंडावर आपटलो. नाकातोंडात पाणी गेलं, पण हात सुटले नाहीत. तशा अवस्थेत मी स्पर्धेत भाग घेतला, साधारण वीस फूट. सुटलो तेव्हा बाकीच्या आठ जणी पहिल्या बोयापाशी, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेपाशी, होत्या. बायको त्यांच्यामागे जिवाच्या आकांताने निघाली, पण सरळ पट्ट्यात मशीन नुसतीच घरघरत राहिली. वेगच घेईना. ती नववी आली.

किनाऱ्यावर आल्यावर तिने हेल्मेट काढलं. "काय केलंत?"

मी सगळं सांगितलं. अर्धी फेरी, एक फेरी, हवा. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने हेल्मेटमधलं पाणी ओतून टाकलं.

तेवढ्यात मेहुणी मोबाइल घेऊन आली. तिने सगळं चित्रण केलं होतं, आधीच्या तिन्ही शर्यतींचंही. "भावोजी, हे मागच्या वेळचं. झेंडा पडला. सगळ्यांनी सोडलं. तुम्ही काय करताय?"

पडद्यावर मी डावीकडे बघत होतो. मग उजवीकडे. मग परत झेंड्याकडे.

"खात्री करतोय," मी म्हणालो.

"कसली?"

"पडल्याची."

वीस वर्षं एकही कागद दोनदा तपासल्याशिवाय मी टेबलावरून सोडलेला नाही. ऑफिसात त्याबद्दल माझं कौतुक होतं. तिन्ही शर्यतींत मी बायकोलाही तसंच सोडलं होतं, सगळ्या गेल्याची खात्री करून.

संध्याकाळी तिने तो तुकडा स्वतः काढला. मी पाना देत होतो. (दोनदा चुकीचा दिला.) स्क्रू पहिल्या जागी आणून ती म्हणाली, "सुरुवातीलाच मागे पडायचे, तर मला वाटायचं माझे गुडघे गेले. वर्षभर रोज पहाटे उठाबशा काढत होते मी."

त्या उठाबशांचा आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा. व्यायाम करतेय, चांगलं आहे, असं म्हणून मी कूस बदलायचो. एकदा उठून विचारलं असतं तरी चाललं असतं. मला फार वाईट वाटलं आणि ते अजून गेलेलं नाही. ती निवड त्या वर्षाची होती, ती गेली.

पुढच्या वर्षी, नव्या वयोगटात, शेपूट मेहुणीने धरलं. पाइप जुनाच. झेंडा पडला तशी बायको सुटली आणि दुसरी आली. निवड नव्हती, बक्षीस नव्हतं, पण ती एवढी हसत होती की मला भरून आलं.

मला त्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून फक्त टाळ्या वाजवायचं काम दिलं होतं. ते मी मनापासून केलं. मेहुणी म्हणते, बाकीच्यांच्या थांबल्यावर.