पाचवी चकती

मेघालीच्या हळदीला आठवडा उरला होता, आणि शांतारामबाबांनी जाहीर केलं की ते आजारी पडणार आहेत.

"कधी?" मंगलाआईंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं.

"हळदीच्या दिवशी. चारपासून. कोनी इचारलं तर सांगा, ताप हाय."

हेमालीने तान्ह्या लेकीला, चारुताला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. सासऱ्यांचा ताप कुठला ते तिला ठाऊक होतं. पाम गावात तीस वर्षं मांडवात सनई वाजायची ती बाबांचीच. चिकूची वाडी सांभाळून, निव्वळ हौसेनं. मेघाली जन्मली तेव्हा तिला ओंजळीत घेऊन त्यांनी शब्द दिला होता, तुज्या हळदीला तुजा बापूस वाजवंल. पण गेल्या वर्षी दात गेले आणि कवळी आली. सनई ओठांना लावून फुंकर मारली की आधी कवळी बाहेर यायची, मग सूर. कवळी काढून फुंकलं तर नुसतीच हवा. घरात आता दोघांना दात नव्हते. त्यातल्या चारुताला तेवढी आशा होती.

"दुसरा सनईवाला आणू," आई म्हणाल्या.

"माज्या पोरीच्या मांडवात परका वाजवनार, आनि मी ऐकत बसू?"

"मग मोबाइलवर लावू."

यावर बाबांनी कवळी काढून पाण्याच्या पेल्यात टाकली. याचा अर्थ, बोलणं संपलं.

दाराआड उभी असलेली मेघाली हळूच म्हणाली, "वहिनी, बाबा मांडवात नाय बसले तर मला हळद नको."

पहिल्या पाळीवरून हेमालीचा नवरा सुजीत घरी आला तेव्हा हे सगळं त्याच्यापुढे ताटाबरोबरच वाढलं गेलं. सुजीत बोईसरच्या एका कारखान्यात टाक्यांची पातळी आणि नळ्यांचा दाब मोजणारी यंत्रं सांभाळायचा, आणि सुट्टीला बँजो पार्टीत बेस वाजवायचा. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज कानापेक्षा पोटालाच जास्त ऐकू येतो.

"बेसमधून सनई काढतो," भाताचा घास घेत तो म्हणाला.

"अहो, काहीतरीच काय!"

"अगं, तारेखाली पिझोची चकती बसवायची. तार थरथरली की चकती ती थरथर पकडते आणि मिडीच्या डब्याला कळवते. डबा विचारतो, कुठल्या आवाजात वाजवू? आपण सांगायचं, सनईच्या. घरचाच माणूस वाजवणार. परका कोण?"

आतून बाबांचा बोळका आवाज आला, "म्हशीला कोकिळेचा गळा लावनार तू?"

तरी दोन दिवसांत गळा बसला. हेमालीने एका हाताने डागकामाची तार धरली, दुसऱ्या हाताने चारुताला धरलं, आणि सुजीतने चार तारांखाली चार चकत्या बसवल्या. मग पाचवी उचलली, गिटारच्या लाकडालाच चिकटवली आणि तीही डब्याला जोडून टाकली.

"ही कशाला? तारा चारच हायत ना?"

"स्टँडबाय. आमच्याकडे कारखान्यात प्रत्येक गोष्टीला एक स्टँडबाय असतोच. एक बंद पडली तर काम थांबायला नको."

मग त्याने डब्यावरचा स्क्रू पिळून संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेली. कारखान्यात थेंबाची गळतीही सुटून चालत नाही. सेटिंग झाल्यावर, तिथल्याच शिस्तीने, कुणी हात लावू नये म्हणून स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका मारून तो बुजवलाही.

तार छेडली आणि खरंच सनई वाजली. मंगलाआईंनी हात जोडले. मग त्या भाकरी थापायला वळल्या. बेस ओट्याला टेकून उभा होता. पहिल्या थापेला सनई वाजली. दुसऱ्या थापेलाही. चारुताने शिंक दिली, तर तिचाही एक सूर निघाला.

"बघ, एक थरथर सुटत नाय!" सुजीत खूश.

"अहो, थोडी सुटायला पायजे!"

"हळदीच्या सकाळी रंग खरवडतो आणि कमी करतो," तो म्हणाला. हळदीच्या सकाळी मंडपवाला आला नाही, मग आला तो बांबू विसरून आला, आणि सुजीतच्या हाती स्क्रूड्रायव्हरऐवजी दिवसभर कोयता राहिला.

चार वाजता बाबा ठरल्याप्रमाणे आजारी पडले. आतल्या खोलीत कांबळं ओढून भिंतीकडे तोंड केलं. मांडवात बेस तयार होता, वायरी जोडलेल्या, स्पीकर चालू, मेढीच्या खांबाला टेकवून ठेवलेला. त्याच मेढीजवळ शेजारच्या राहीबाईंनी उखळ मांडलं आणि हळकुंडं कुटायला घेतली.

पहिलं मुसळ पडलं आणि स्पीकरमधून सनई कडाडली.

राहीबाई दचकल्या. पण कुटायची हळद मध्ये सोडत नाहीत. त्यांनी दुसरं मुसळ मारलं. सनई पुन्हा वाजली, तोच सूर. बायकांना वाटलं, लागली हळद! आचारी झारा हातात घेऊन धावत आला. कुणीतरी मेघालीला पाटावर बसवलंसुद्धा.

नेमक्या त्याच वेळी बेटेगावची मंडळी नवऱ्याची उष्टी हळद घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. ही हळद आल्याशिवाय नवरीला बोट लावायचं नसतं. सनई ऐकून पुढे चालणारे नवऱ्याचे काका, नामदेव, जागच्या जागी थांबले. हातातली वाटी त्यांनी छातीशी धरली.

"आमची हळद वाटंत, आनि तुमी लावूनपन मोकळे?"

"नाय हो काका, अजून बोट नाय लागलं!" हेमाली धावली.

"मग सनई कसली वाजते?"

"मुसळाची!"

नामदेवांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने सुजीतला हाक मारली. सुजीत तेव्हा मांडवाच्या डोक्यावर बांबूला लोंबकळत होता. "येतो, येतो," म्हणत होता. पण उतरायची शिडी आचाऱ्याने नेली होती.

एवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. बनियनवर, खांद्यावर कांबळं, असे बाबा तरातरा बाहेर आले.

"कोन वाजवतो हा? घंटाभर एकच सूर, आनि तोपन उतरलेला! माज्या पोरीच्या हळदीला?"

"मी मुसळ मारते, बाबा. मला काय इचारता?" राहीबाईंनी मुसळ खाली ठेवलं.

बाबांनी मेढीशी बसून बेस मांडीवर घेतला. गप्प करायला म्हणून रडक्या पोराला धरावं तसा उराशी दाबला, वर हनुवटी टेकवली, आणि रागारागाने स्वतःशीच गुणगुणले, "असा नाय रं, असा—"

सनई वाजली. त्यांनी गुणगुणली तशीच.

 बाबांनी बेसकडे पाहिलं. पुन्हा हनुवटी टेकवली आणि हळूच गुणगुणले. सूर आला, खाली कवळीची एक बारीक कटकट घेऊन. त्यांनी कवळी काढून काही न बोलता सुनेच्या हातात दिली, डोळे मिटले, आणि तीस वर्षं मांडवामांडवात वाजवलेली ती हळदीची चाल बोळक्या जबड्यातून लाकडात, लाकडावरच्या पाचव्या चकतीत उतरू लागली. फुंकर नको, दात नकोत. सनई गल्लीच्या तोंडापर्यंत गेली.

नामदेवांचा हात वाटीवरून सैल झाला. "हे तर शांताराम सनईवाले! माज्या लग्नाला हेनीच वाजवली होती." आणि रुसायचं राहूनच गेलं, मंडळी वाजतगाजत आत आली.

सुजीत कसाबसा खाली उतरून स्क्रूड्रायव्हर घेऊन डब्याकडे धावला. "थांबा, कमी करतो, फार जास्त झालंय—"

हेमालीने एका हातात सासऱ्यांची कवळी आणि दुसऱ्या हातात मुलगी असताना त्याच्या पायावर पाय दिला. "हात लावून तर बघा!"

उष्टी हळद लागली. पाटावरून उठून मेघाली वडिलांपुढे बसली. पाया पडायला वाकली, आणि पाय मांडीवरच्या बेसखाली गेलेले म्हणून तिने कपाळ त्या लाकडावरच टेकवलं. बाबा थांबले. गुणगुणणं थांबलं.

तरी सनई वाजली. लहानसा, कापरा सूर. थांबून आणखी एक. बाबांची हनुवटी तर वर होती. मांडव डब्याकडे बघू लागला. मेघालीचे खांदे हलत होते.

"उठव गं तिला," मंगलाआई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. "पोरगी रडते हाय."

बाबांनी हळदीनं पिवळा झालेला हात लेकीच्या डोक्यावर ठेवला, कान देऊन तिसरा हुंदका नीट ऐकला, आणि मान डोलावली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "सुरात हाय."