जर्मनीमार्गे उमरगा

सीमाभागाचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर वर्षानुवर्षं न मोडलेल्या मोजक्या प्रतिज्ञांमध्ये माझ्या सासऱ्यांच्या प्रतिज्ञेला मानाचं पान द्यावं लागेल. राज्यांची पुनर्रचना झाली, आळंद म्हैसूर राज्यात गेलं, शेजारचं उमरगा पलीकडं राहिलं, पुढं महाराष्ट्र झाला, आणि अण्णांनी भर बाजारात जाहीर केलं, "जोवर आळंद महाराष्ट्रात जात न्हाई, तोवर मी महाराष्ट्रात पाय ठेवणार न्हाई!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या राज्यासाठी जीव टाकायचा त्याच राज्यावर बहिष्कार घालण्यात काही गडबड आहे, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त अक्कांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, आलं. उमरगा हे त्यांचं माहेर.

अण्णा शाळेत इतिहास शिकवायचे. त्यामुळं प्रतिज्ञा केली की ती पाळायची असते, असा त्यांचा समज होता. अक्का माहेरी निघाल्या की ते शिवेवरच्या नाक्यापर्यंत सोडायला जात आणि एसटी दिसेनाशी होईपर्यंत बाभळीखाली उभे राहत. धोंड्याच्या महिन्यात सासूनं जावयाला अनारशांचं वाण द्यायचं असतं. ते वाण अक्का डब्यातून आणत. अण्णा नाक्याच्या अलीकडं उभं राहून डबा उघडत आणि म्हणत, "अनारसे तिकडले असू द्या. खाल्ले इकडं."

मी त्यांचा जावई. माझं नशीब असं की मी फ्रँकफर्टला नोकरीला होतो, म्हणजे सीमावादाच्या पूर्णपणे बाहेर. सासूसासरे एका उन्हाळ्यात आमच्याकडं आले. मुंबईहून विमान सोयीचं पडलं असतं. अण्णा गुलबर्ग्याहून रेल्वेनं मद्रासला गेले, तिथून विमानानं दिल्लीला, आणि दिल्लीहून आमच्याकडं.

"दिल्लीचं इमान महाराष्ट्रावरनंच गेलं की," अक्का उतरल्या उतरल्या मला म्हणाल्या.

"पाय टेकला न्हाई," अण्णा म्हणाले.

माझ्या बायकोला रजा नव्हती, म्हणून दोघांना जुनी गावं दाखवायला मीच गाडी काढली. अण्णा पुढं, अक्का मागं. अक्कांच्या मांडीवर ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाच्या चटणीचं गाठोडं. पहिल्याच घाटात अक्कांनी विषय काढला. त्यांची आई नव्वदीला टेकली होती. तिनं निरोप धाडला होता, 'औंदा धोंडा हाय. जावयाच्या हातात वाण माझ्या हातानं द्यायचंय. पुढचा धोंडा मला काय दिसत न्हाई.'

"तत्त्वाला सासू नसते," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

गाव कुठलंही असो, अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आधी हे कुणाकडं होतं?" हायडेलबर्गला त्यांनी तो तिकीटवाल्याला विचारला, रोटेनबुर्गला पाववाल्याला. भाषांतर माझ्याकडं. हायडेलबर्गच्या किल्ल्यात दारूचं एक पिंप आहे, आपल्याकडं त्यात एक बिऱ्हाड राहील एवढं. अण्णांनी त्याला प्रदक्षिणा घातली. "बिदरच्या किल्ल्यात एवढी तोफ हाय," ते म्हणाले, "ह्येंनी एवढं पिंप केलं. म्हणून किल्ला पडला." रोटेनबुर्गच्या तटावर छप्पर आहे, शिपाई भिजू नयेत म्हणून. अण्णा त्या छपराखालून टोकापर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "बिदरला असलं लाड न्हाईत."

अक्का अशा वेळी तटाच्या पायरीवर बसून भाकरी सोडत. "हिंडून बघा, फिरून बघा, किल्ला तो किल्लाच," त्या मला म्हणत. "तुमी खावा. त्यांचं बिदर व्हईपर्यंत भाकर वाळती."

अण्णा खरे खुलले बांबेर्गला. तिथली जुनी कचेरी नदीच्या मधोमध, पुलावर उभी आहे. बिशप गावकऱ्यांना जागा देईना, तेव्हा त्यांनी नदीत खांब ठोकून कचेरी बांधली, अशी दंतकथा तिथं सांगतात. अण्णांनी मला ती तीनदा सांगायला लावली.

"बघितलंस का?" ते अक्कांना म्हणाले. "ह्याला म्हणायचं लढा!"

"बघितलं," अक्का म्हणाल्या. "त्यांनी नदीत जाऊन का व्हईना, घर बांधलं. तुमी नाक्यावर नुसतं उभं ऱ्हायलाय."

तिथून आम्ही कोबुर्गला गेलो आणि एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरगुती खानावळीत उतरलो. रात्रीच्या जेवणाला बाई आमच्याच टेबलाशी बसल्या. अण्णांनी प्रश्न टाकला. बाई म्हणाल्या, आधी इथं ड्यूक होते. ते गेल्यावर बव्हेरियात जायचं की शेजारच्या थुरिंगियात, यावर लोकांचं मत घेतलं. माझ्या वडलांनी बव्हेरियाला दिलं. बहुतेकांनी तेच दिलं, म्हणून आम्ही बव्हेरियात.

मी भाषांतर केलं. अण्णांच्या हातातला चमचा खाली आला.

"लोकांना इचारलं?"

"हो."

"आणि लोक म्हणाले तसंच केलं?"

"हो."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. ती ते फक्त देवळात आणि झोपताना काढत. त्या भरात त्यांनी बाईंना पुनर्रचनेपासून सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी, छाती जराशी पुढं काढून, प्रतिज्ञा. बाईंनी लक्ष देऊन ऐकलं.

"तुमच्या सीमेवर कुंपण आहे?" त्यांनी विचारलं.

नाही, मी सांगितलं.

"सैनिक?"

"एक शिपाई असतो. दुपारी खाटेवर झोपतो."

"मग अडवतं काय?"

"तत्त्व," अण्णा म्हणाले. मी भाषांतर केलं. बाईंना माझं जर्मन चुकलं असं वाटलं. त्यांनी तो शब्द पुन्हा म्हणायला लावला.

"काय म्हणायली ती?" अक्कांनी विचारलं.

"शिवेवर कुंपण आहे का, विचारतात."

"हाय म्हणा की. माझ्या शेजारी बसून जेवायलंय."

हे भाषांतर मी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाईंनी विचारलं, उत्तरेकडं जाणार असाल तर मला टेकडीपर्यंत सोडाल का? आम्ही सोडलं. तेव्हा जर्मनीचे दोन तुकडे होते, आणि मधली शीव त्या टेकडीखालून जात होती. जाळीचं उंच कुंपण, नांगरून साफ ठेवलेली पट्टी, पहाऱ्याचा मनोरा. पलीकडं एक गाव, लाल कौलांचं. थुरिंगियातलं. बाईंची धाकटी बहीण त्या गावात दिलेली होती. वडलांच्या मतामुळं एक बहीण इकडं राहिली, लग्नामुळं दुसरी तिकडं, आणि कुंपण घालताना कुणी कुणाचं मत घेतलं नाही. बाईंनी पर्समधून टेबलावरचा पांढरा रुमाल काढला आणि हलवायला लागल्या. पलीकडं एका खिडकीत काहीतरी पांढरं हललं. पडदाही असेल.

"चालत किती लांब?" अण्णांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, पूर्वी आम्ही केक घेऊन जायचो. पोचेपर्यंत गरम असायचा.

मी बिदरची वाट बघत होतो. ते आलं नाही. अण्णा आपल्या धोतराचा सोगा हातात धरून उभे होते, आणि पलीकडचा मनोरा किंवा इकडची पाटी, कशाबद्दलच त्यांनी काही विचारलं नाही. आधी हे कुणाकडं होतं, हेसुद्धा नाही. अक्का बाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनीही पदर हलवला.

परतीच्या वाटेवर अक्कांना मागं डोळा लागला. अण्णांनी वळून तेवढी खात्री करून घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "जावईबापू, धोंडा कधी लागतोय यंदा?"

धोंड्याच्या महिन्यात माझंही वाण होतंच; मी रजा काढून आळंदला गेलो आणि या दोघांबरोबर उमरग्याच्या एसटीत बसलो. नाका आला तसे अण्णा ताठ झाले. शिपाई खाटेवर झोपला होता. एसटी थांबलीसुद्धा नाही. वाटेत त्यांनी मला दोनदा ऐकवलं की उतरल्यावर चार शब्द बोलावे लागतील. "लोक इचारणार, प्रतिज्ञा का मोडली. सांगितलं पाहिजे." चार शब्द चांगले पाच मिनिटांचे होते.

स्टँडवर अक्कांचा भाऊ व्यंकट वाट बघत उभा होता. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात चिरलेलं लिंबू. अण्णांनी घसा खाकरला.

"काही बोलू नका दाजी, आधी हे हुंगा," व्यंकट म्हणाला. "गाडी लई लागली का हो? अक्का दरसाल सांगती, यांला गाडी लागती, म्हणून येत न्हाईत. आमी म्हणलं, माणसाला एवढी कशी लागती!"

प्रतिज्ञेबद्दल उमरग्यात कुणी काही ऐकलेलं नव्हतं. माहेरच्यांना वाईट वाटू नये म्हणून अक्कांनी इतकी वर्षं नवऱ्याचं पोट बिघडवून ठेवलं होतं.

अण्णांनी अक्कांकडं बघितलं. अक्का एसटीचा फलक वाचत होत्या. अण्णांनी टोपी नीट केली, लिंबू घेतलं, हुंगलं.

"लागली थोडी," ते म्हणाले.

घरी म्हातारीनं चाचपडत त्यांचे हात शोधले, त्यात वाण ठेवलं आणि विचारलं, "आता बरं वाटतंय का?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

संध्याकाळच्या एसटीत व्यंकटनं त्यांना खिडकीजवळची जागा धरून दिली, आणि मांडीवर एक रिकामी पिशवी.